पाहुणी कला, घरचा कारागीर

नवेगाव बांधचा तलाव पाहावयास येणाऱ्या प्रवाशाला पाणी दिसते, हिवाळ्यात उतरणारे पक्षी दिसतात, पलीकडचे अरण्य दिसते. ज्या पाळीमुळे हे सारे आहे ती पाळ मात्र सहसा कोणी पाहत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा अडवून हा तलाव बांधला, असे सांगितले जाते. बांधणाऱ्यांपैकी कोणापाशीही अभियांत्रिकीची पदवी नव्हती. तरी पाणी कोठे अडवावे आणि कोठून जाऊ द्यावे हे त्या हातांना ठाऊक होते. पूर्व विदर्भाच्या ज्या भागाला झाडीपट्टी म्हणतात, तेथे कोहळ्यांचे असे तलाव गावोगाव आहेत. त्या पाण्यात जाळे टाकणारा ढिवर, बांबू चिरून सूप विणणारा बुरूड, मडकी घडवणारा कुंभार आणि तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी कोरणारा सुतार हेही त्याच हातांच्या ज्ञानाचे वारस होत.

अशा मुलखातील प्राथमिक शाळेत हस्तकलेचा तास लागतो, तेव्हा या ज्ञानाचा मागमूसही बहुधा तेथे आढळत नाही. मुलांनी दुकानातून चमकीचा कागद आणावा, तयार कापलेले आकार आणावेत आणि ते चिकटवहीत डकवावेत, एवढ्यावर तो तास भागतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. पण थर्माकोलमागची वृत्ती त्या बंदीने गेली नाही. ‘प्रकल्प’ या भारदस्त नावाने जी वस्तू शाळेत पोहोचते, तिच्यासाठी बापाने तालुक्याच्या बाजारात हेलपाटा घातलेला असतो, आईने रात्री जागून ती पुरी केलेली असते, आणि श्रेणी मात्र मुलाच्या नावे पडते. हे शिक्षकांना ठाऊक आहे आणि पालकांनाही. मुलाला तर ते सर्वांत आधी कळते.

दूरदेशीचे पाहुणे

या तासात अलीकडे एक नवा पाहुणा आला आहे. चित्रफिती आणि हस्तकलेची पुस्तके यांतून मेक्सिकोच्या कलावस्तू जगभरच्या प्राथमिक शाळांत शिरल्या आहेत, आणि इंग्रजी माध्यमाच्या वाटेने त्या आपल्याकडेही पोहोचत आहेत. दोन काड्या आडव्याउभ्या बांधून त्यांवर रंगीत लोकर गुंडाळली की ‘देवाचा डोळा’ होतो. पातळ कागदाच्या घड्या घालून नक्षी कातरली की मेक्सिकन पताका होते. रद्दी आणि खळ यांच्या थरांतून पोकळ भांडे करून त्यात खाऊ भरला की ‘पिन्याता’ तयार होते. डोळे बांधलेल्या मुलाने काठीने ती फोडावयाची असते. कागदाच्या लगद्यापासून पंखांचा सरडा किंवा शिंगांचा मासा करावयाचा, त्याला ‘आलेब्रिहे’ म्हणतात. साहित्य स्वस्त, रंग भडक आणि काम मुलांच्या हाताला जमण्याजोगे. हे प्रकार शिक्षकांना आवडले तर नवल नाही.

यावर स्वदेशीचा अभिमान बाळगणारा एखादा वाचक म्हणेल, की आपल्याकडे काय कमी आहे म्हणून मेक्सिकोकडे जावे? या प्रश्नाचे एक उत्तर त्याच्याच दारावर टांगलेले असते. दसऱ्याला ज्या झेंडूचे तोरण आपण बांधतो, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मृत आप्तांचे स्मरण करतात, तेव्हा त्यांना घरची वाट दिसावी म्हणून याच फुलांच्या पाकळ्या अंथरतात. आपल्या रश्श्यातली मिरची आणि शेतातला मका हेही त्याच बाजूने आले. नवेगाव बांध ज्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात गोठणगावच्या परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत नांदते आहे. दूरचा माणूस आणि दूरची वस्तू यांचे या मातीला वावडे नाही.

तेव्हा पाहुणा आला याबद्दल तक्रार नाही. तो नावगाव न सांगता आला, ही तक्रार आहे. ‘देवाचा डोळा’ हा मेक्सिकोच्या पश्चिम डोंगरांत राहणाऱ्या हुइचोल आदिवासींचा. मूल जन्मले की बाप त्याच्यासाठी मधला डोळा विणतो आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दरवर्षी एकेक डोळा वाढवतो, अशी त्यांची रीत सांगतात. मूल जगावे म्हणून केलेली ती प्रार्थना आहे. ‘आलेब्रिहे’ला पेद्रो लिनारेस या मेक्सिको शहरातील कारागिराने जन्म दिला. १९३६ मध्ये आजारपणाच्या ग्लानीत दिसलेले विचित्र प्राणी त्याने पुढे कागदात घडवले. एरवी तो ईस्टरच्या आदल्या दिवशी जाळावयाचे ज्यूडासचे पुतळे करीत असे. ही माणसे वगळून वस्तू तेवढी वर्गात आणली, की मुलाच्या हाती काड्या आणि लोकर एवढेच उरते.

हा अन्याय आपल्या परिचयाचा असावयास हवा. ठाणे-पालघरच्या वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान सुवासिनींचा होता. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांमुळे ही चित्रकला कागदावर आली आणि जगभर गेली. आज वारली आकृत्या शाळांच्या कुंपणांवर, पिशव्यांवर आणि स्पर्धांच्या कागदांवर सर्वत्र आहेत. परंतु दोन त्रिकोण जोडून माणूस काढणाऱ्या किती विद्यार्थ्यांना पालघाट देवीचे नाव सांगितले जाते?

मेक्सिकोने काय केले?

मेक्सिकोकडून घेण्यासारखी खरी गोष्ट वस्तूंच्या यादीत नाही. ती त्या देशाच्या शिक्षणखात्याच्या इतिहासात आहे. १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीच्या दहा वर्षांनी तो देश पोळून निघाला होता. १९२१ मध्ये तेथे सार्वजनिक शिक्षणाचे नवे खाते स्थापन झाले आणि होसे वास्कोन्सेलोस त्याचे पहिले मंत्री झाले. त्याच वर्षी, स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त, राजधानीत लोककलांचे मोठे प्रदर्शन भरले. तोवर सुशिक्षित मेक्सिकनाची दृष्टी पॅरिसकडे लागलेली असे. खेड्यातील कुंभाराचे मडके त्याच्या लेखी स्वयंपाकघरातले भांडे होते. त्या प्रदर्शनात ते मडके राष्ट्राची कला म्हणून मांडले गेले.

पुढचे पाऊल शाळेत पडले. आदोल्फो बेस्त मौगार्द या चित्रकाराने तरुणपणी, फ्रांझ बोआस या मानववंशशास्त्रज्ञासाठी, मेक्सिकोच्या खोऱ्यात सापडलेल्या प्राचीन भांड्यांवरील नक्षी मोठ्या संख्येने उतरवून काढली होती. ते करताना त्याला असे आढळले, की ही अफाट नक्षी सात मूळ आकारांतून उभी राहते : नागमोडी वळसा, वर्तुळ, अर्धवर्तुळ, दोन अर्धवर्तुळांची जोड, लाटेसारखी रेघ, करवती रेघ आणि सरळ रेघ. या सात आकारांवर त्याने चित्रकला शिकवण्याची पद्धत बसवली. ती प्राथमिक शाळांत लागू झाली आणि १९२३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. युरोपीय पुतळ्यांच्या नकला काढण्याऐवजी मेक्सिकोचे मूल आपल्या पूर्वजांच्या मडक्यावरील रेघ गिरवू लागले. आपल्याकडे दारापुढची रांगोळी न्याहाळणाऱ्या कोणालाही हे सातही आकार ओळखीचे वाटतील.

या प्रयोगाचा शेवटही सांगितला पाहिजे. आकार ठरले, रेघांनी एकमेकींना छेदू नये असा नियम ठरला, आणि मुलांची चित्रे हळूहळू एकसारखी दिसू लागली. देशी नक्षीचेही एक ठोकळेबाज गणित होऊ शकते, हा आक्षेप तेथेच घेतला गेला. १९२४ मध्ये वास्कोन्सेलोस पायउतार झाले आणि त्या पद्धतीचा जोरही पुढे ओसरला. परक्याची नक्कल वाईट आणि आपली नक्कल चांगली, असे मानणाऱ्यांनी हा धडा विसरू नये. साच्याला स्वदेशीचा शिक्का मारल्याने त्यातून कल्पना जन्मत नाही.

खानखोजे यांचा धागा

ज्या इमारतीत हे शिक्षणखाते होते, तिच्या भिंती दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने रंगवल्या. तेथील एका भित्तिचित्रात मेजाभोवती कष्टकरी बसले आहेत आणि मध्यभागी एक माणूस भाकर मोडून वाटतो आहे. तो माणूस विदर्भातला आहे. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. देशोदेशी भटकून १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. मका आणि गहू यांवर त्यांनी संशोधन केले. शेतकऱ्यांना त्यांच्याच गावात शेतीचे शास्त्र कळावे म्हणून मुक्त कृषिशाळा काढल्या. त्या कामात रिव्हेरा त्यांचा सहकारी होता. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला निवर्तले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसवला गेला.

खानखोजे यांचा उल्लेख अभिमानापुरता नाही. शेतकऱ्याला आधीच पुष्कळ कळते, त्याच्या शेताच्या बांधावर जाऊन त्यात शास्त्राची भर घालावी, हे त्यांच्या शाळांचे सूत्र होते. हस्तकलेच्या तासाला नेमके हेच सूत्र हवे आहे, आणि ते विदर्भाला नवे नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ जन्मली. सेवाग्रामला देवी प्रसाद यांच्यासारख्या शांतिनिकेतनात घडलेल्या कलाशिक्षकाने मुलांच्या कलेचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. पुढे कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. शब्द टिकला, अनुभव वेळापत्रकात हरवला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने कलेसाठी आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद केली, ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी अशी तरतूद नाही. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. त्यांनीच भाषा, गणित, परिसर, पोषण आहाराचा हिशेब आणि कला सांभाळावयाची. अशा शिक्षकाने दुकानातला तयार साचा जवळ केला, तर त्याला दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही.

एक गंभीर आक्षेप

गावचा कारागीर शाळेत आणावा, असे म्हणताच एक आक्षेप पुढे येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. बुरडाच्या मुलाने शाळेतही टोपलीच विणावयाची असेल, तर त्याने शाळेत कशासाठी यावे? ज्या धंद्याने बापाला हलके मानले गेले, तोच धंदा शिक्षणाच्या नावाने मुलाच्या गळ्यात बांधणे हा कसला उद्धार? १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा व्यवसाय अशी योजना आणली, तेव्हा जातींना पुन्हा जखडणारी योजना म्हणून तिच्यावर वादळ उठले आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. डॉ. आंबेडकरांच्या विचाराने जागी झालेली विदर्भातील पिढी हा प्रश्न विचारणारच, आणि तिने तो विचारला पाहिजे.

याचे उत्तर एकच संभवते. कला ही जातीची राहिली तर ती बेडी आहे. वर्गाची झाली तर ती विद्या आहे. बांबू चिरावयाचा तर पाटलाच्या मुलाने, शिक्षकाच्या मुलीने आणि दुकानदाराच्या नातवाने चिरावा. बुरडाचा मुलगा त्या वेळी हवे तर चित्र काढील, हवे तर गणित सोडवील. मात्र त्या तासाला त्याच्या आजोबांना सारा वर्ग ‘गुरुजी’ म्हणून हाक मारतो, हे त्याने ऐकलेले असले पाहिजे. कामटी किती पातळ काढली म्हणजे वाकते आणि किती पातळ झाली म्हणजे तुटते, हे पाटलाच्या मुलाला स्वतःचे बोट कापून घेतल्यावर कळेल. आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी सुपाकडे आणि सूप विणणाऱ्याकडे पाहण्याची त्याची नजर बदलेल. समतेचे पाठ पुस्तकात पुष्कळ आहेत. हा पाठ हाताने गिरवावयाचा आहे.

करता येण्याजोगे

मेक्सिकोची कला या कामी उत्तम दुभाष्या होऊ शकते. श्रावणात दहीहंडी येते, तेव्हा मुलांनी ‘पिन्याता’ करावी आणि दोन्ही मडक्यांच्या गोष्टी ऐकाव्यात : एक गोकुळातली, दुसरी नाताळच्या रात्री फुटणारी. पोळ्याच्या पाडव्याला विदर्भात मारबत निघते. बांबू आणि कागद यांची ती मूर्ती गावातील रोगराई आणि इडापीडा घेऊन जावी म्हणून वेशीबाहेर नेतात. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत तर एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. पेद्रो लिनारेसच्या ज्यूडासशी तिचे नाते मुलांना सांगण्याची गरजही पडणार नाही. दोन चित्रे शेजारी ठेवली की ती आपणच बोलू लागतील. ‘देवाचा डोळा’ विणावयास काड्या दुकानातून कशाला हव्यात? बुरडाच्या अंगणात त्या पडलेल्या असतात. त्या आणावयास गेलेली मुले अर्धा तास तेथे रेंगाळली, तर तोही हस्तकलेचाच तास समजावा. शिंगांच्या माशाआधी मुलांनी तलावातला खरा मासा पाहावा, ढिवराकडून त्याचे नाव विचारून घ्यावे, आणि मग त्याला खुशाल पंख लावावेत.

नाव विचारून घेणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून गेले. पक्षी, मासे आणि झाडे यांची देशी नावे त्यांनी रानात आणि पाण्यावर वावरणाऱ्या माणसांकडून गोळा केली. मराठी भाषा त्या नावांनी श्रीमंत झाली. एवढ्या मोठ्या ज्ञानवंताला ढिवरा-गोंडांपुढे विद्यार्थी होण्यात कमीपणा वाटला नाही; मग चौथीच्या वर्गाने का संकोचावे?

यासाठी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती कायद्यानेच दिली आहे. तिने महिन्यातून एक दुपार गावच्या कारागिरासाठी राखावी आणि त्याला त्या दुपारची मजुरी मानधन म्हणून रोख द्यावी. शाल-नारळावर त्याची बोळवण करू नये. जिल्हा परिषदेने या मानधनापुरती लहानशी रक्कम प्राथमिक शाळांच्या खर्चात धरावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे; ती खालच्या वर्गांपर्यंत आणण्यास कोणाची आडकाठी असू नये. वस्तूला श्रेणी देण्याआधी शिक्षकाने मुलाला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणापासून शिकलास, सामान कोठून आणलेस, आणि यात तुझे स्वतःचे काय? दुकानातून आणलेला प्रकल्प पहिल्याच प्रश्नाला अडखळेल.

प्लास्टिकच्या सुपाने बांबूच्या सुपाला बाजारातून जवळजवळ हुसकले आहे. शाळेतल्या एका तासाने बुरडाचा धंदा पुन्हा उभा राहील, असे म्हणणे ही फसवणूक होईल. तो प्रश्न बाजाराचा, बांबूच्या पुरवठ्याचा आणि सरकारच्या धोरणाचा आहे. शाळेच्या हाती आहे ते इतकेच, की हे हात थकण्यापूर्वी त्यांना काय येते हे गावच्या मुलांनी एकदा जवळून पाहावे. जे पाहिले नाही त्याची किंमत मोठेपणी कोणी करीत नाही, आणि जे हरवले हेच ठाऊक नाही त्याचा शोधही कोणी घेत नाही.

मेक्सिकोच्या पताका नवेगाव बांधच्या वर्गात अवश्य लागोत. त्या ज्या दोरीवर लागतील ती दोरी कोणी वळली, हे तेवढे मुलांना सांगता यावे. तलावाच्या पाळीवरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला ती पाळ कोणाच्या हातांनी बांधली हे ठाऊक नसेल, तर चूक त्या मुलाची नव्हे.